अढीतली हवा

“एक नासका आंबा सगळी अढी नासवतो.” ही म्हण आपण माणसांवर इतकी वापरली, की ती मुळात आंब्यांची आहे हे विसरूनच गेलो. मला ती आठवली तेव्हा पाच डझनांतले जेमतेम दीड डझन आंबे खाण्याजोगे उरले होते.

मे महिना होता. गावाहून हापूसची पेटी आली. आंबे हिरवे, करकरीत. आमचं पुण्यातलं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. मागच्या खोलीत वर्तमानपत्रं पसरून आंबे एकावर एक रचले, पेटीतला पेंढा वर टाकला आणि मांजर येईल म्हणून जाड प्लॅस्टिकचा कागद घालून कडांवर जुने दिवाळी अंक ठेवले. मग लग्नासाठी चार दिवस बाहेर. परत येऊन प्लॅस्टिक उचललं तर आंब्याचा घमघमाट नव्हता, ताडीसारखा आंबूस भपका होता. खालचे आंबे काळे पडून पाझरत होते. मधले वरून पिवळट, पण बाठ्यापाशी पांढरे आणि आंबट. भिंतीकडचे तर हिरवेच राहून सुरकुतलेले.

रत्नागिरीकडच्या आत्याला फोन केला. तिनं ऐकून घेतलं आणि चार प्रश्न विचारले. “खोली केवढी तापते? आतली हवा बाहेर कुठनं जात होती? देठ मोडलेले, आपटलेले आंबे आधी वेगळे काढलेस? आणि मधे एकदा तरी उघडून बघितलंस?”

चारही उत्तरं लाजिरवाणी होती. पण पुढे या विषयावर वाचत गेलो तेव्हा कळलं, की आत्याचे चार प्रश्न म्हणजे वनस्पतिशास्त्रातल्या एका मोठ्या प्रकरणाचा गोषवारा आहे. फळं, फुलं, पानं हवेत एक वायू सोडत असतात. तो किती सोडायचा, हे भोवतालची उष्णता, हवा, जखम आणि शेजार ठरवतात. हा हिशेब समजला, की आंबा पिकवणं, केळी टिकवणं, कोथिंबीर हिरवी ठेवणं आणि कुंडीतलं रोप वाचवणं या चार वेगळ्या युक्त्या उरत नाहीत.

फळ सोडतं ते काय?

या वायूचं नाव इथिलीन. दोन कार्बन आणि चार हायड्रोजन, इतका साधा रेणू. १९०१ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबोव्ह या संशोधकाला प्रयोगशाळेच्या अंधारात वाढवलेले वाटाण्याचे अंकुर आखूड, जाड आणि आडवे वाढताना दिसले. तेच अंकुर बाहेरच्या हवेत सरळ वाढत. शोधता शोधता दोष निघाला दिव्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या गॅसमधल्या इथिलीनचा. हा वायू फळ स्वतःच तयार करतं, हे १९३४ मध्ये इंग्लंडमध्ये रिचर्ड गेन यानं सफरचंदांवर रासायनिक कसोटी लावून सिद्ध केलं. आणि तो फळात नेमका कशापासून बनतो, यातला हरवलेला दुवा १९७९ मध्ये शांग फा यांग आणि डग्लस अ‍ॅडम्स यांनी शोधला. मेथिओनीन या अमिनो आम्लापासून एक मधला पदार्थ तयार होतो, त्याला थोडक्यात एसीसी म्हणतात. या एसीसीचं शेवटच्या पायरीवर इथिलीन होतं.

ती शेवटची पायरी लक्षात ठेवा. तिला दोन गोष्टी लागतात: प्राणवायू आणि बेताची ऊब. पुढचा निम्मा लेख या एका वाक्यावर उभा आहे.

वायूचं प्रमाण किती? २० अंश सेल्सियसला एक किलो आंबे किंवा केळी तासाला साधारण १ ते १० मायक्रोलिटर इथिलीन सोडतात. मायक्रोलिटर म्हणजे लिटरचा दहा लाखावा भाग. पपई आणि सफरचंद १० ते १०० मायक्रोलिटरपर्यंत जातात. संत्री, द्राक्षं, डाळिंब ०.१च्याही खाली. हे आकडे नगण्य वाटतील, पण एक कोटी भाग हवेत इथिलीनचा एक भाग असला तरी कित्येक फळं, भाज्या आणि फुलं त्याची दखल घेतात. इतक्या विरळ इथिलीनचा वास आपल्याला येत नाही. अढीचा जो घमघमाट येतो, तो इथिलीनच्या हुकमानं फळात तयार झालेल्या दुसऱ्याच सुगंधी द्रव्यांचा.

या वायूची एक खोड आहे. तो फळाला लागला, की फळ स्वतः आणखी वायू सोडू लागतं. त्यानं शेजारचं फळ जागं होतं, ते त्याच्या शेजारच्याला जागं करतं. पण सगळ्या फळांत हे घडत नाही. आंबा, केळं, पपई, चिकू, सीताफळ, पेरू, फणस, टोमॅटो, सफरचंद ही झाडावरून उतरवल्यावरही पिकतात. संत्रं, मोसंबी, लिंबू, द्राक्ष, डाळिंब, अननस, स्ट्रॉबेरी ही तोडली तेवढीच गोड राहतात. आंबट द्राक्षांना घरी कितीही ऊब दिली तरी ती गोड व्हायची नाहीत, ती सुकतील. त्यामुळे पुढचा सगळा खटाटोप पहिल्या यादीसाठी.

पहिला प्रश्न: खोली केवढी तापते?

उष्णतेनं फळ लवकर पिकतं हे अर्धसत्य आहे. थंडीकडून उबेकडे जाताना फळाचा श्वास आणि इथिलीन दोन्ही वाढत जातात. ही चढण साधारण ३० अंशांपर्यंत. ३५च्या पुढे इथिलीन मंदावू लागतं आणि ४०च्या आसपास जवळजवळ थांबतं. श्वास मात्र चालूच राहतो. म्हणजे फळ आतली साखर जाळत राहतं, पाणी गमावत राहतं, पण पिकण्याचा हुकूमच त्याला मिळत नाही. स्लॅबखाली तापलेल्या भिंतीला टेकलेले माझे आंबे हिरवेच सुरकुतले, ते यामुळे.

फळं पिकवण्याच्या व्यावसायिक खोल्यांमध्ये आंब्यासाठी साधारण २० ते २२ अंश आणि केळ्यासाठी १५ ते १८ अंश तापमान ठेवतात. केळ्याचं कारण ऐकण्याजोगं आहे. जळगावातून येणारं ग्रँड नैन केळं कॅव्हेंडिश जातीतलं. २४ अंशांच्या वर पिकवलं तर त्याचा गर मऊ होतो, पण सालीतला हिरवा रंग पुरता जात नाही. उन्हाळ्यात आतून मऊ आणि वरून हिरवट केळी मिळतात तेव्हा विक्रेत्यावर कच्चा माल दिल्याचा आळ घेण्याआधी हे आठवावं.

थंडीचीही एक लक्ष्मणरेषा आहे. आंबा आणि केळं साधारण १३ अंशांखाली दुखावतात. घरचा फ्रिज ४ अंशांच्या आसपास असतो. कच्चा आंबा तिथे ठेवला तर साल करडी, डागाळलेली होते आणि नंतर बाहेर काढूनही तो नीट पिकत नाही. केळ्याची साल काळी पडते. टोमॅटोची चव फ्रिजमध्ये जाते, तीही सुगंधी द्रव्यं तयार होणं थांबल्यानं. नियम साधा: आधी बाहेर पिकू द्या, मग फ्रिजमध्ये ठेवा, आणि तेही दोन-चार दिवसांपुरतं.

आणखी एक उष्णता आपण विसरतो, ती फळांची स्वतःची. श्वास घेणारी फळं एकावर एक रचली, की ढिगाचा गाभा तापतो. जाणती माणसं अढीत हात घालून बघतात, “अढी तापली” असं म्हणतात आणि ती पसरतात. घरी दोनपेक्षा जास्त थर लावू नयेत.

दुसरा प्रश्न: हवा कुठनं जाते?

आता ती शेवटची पायरी आठवा. एसीसीचं इथिलीन व्हायला प्राणवायू लागतो. फळांनी आतला प्राणवायू संपवला आणि बाहेरून नवा आला नाही, तर वायू तयार होणं अडतं. शिवाय फळांच्या श्वासातून निघालेला कार्बन डायऑक्साइड साठतो आणि आहे त्या इथिलीनचाही परिणाम दडपतो. प्राणवायू फारच कमी झाला की फळ दारूच्या वाटेनं जातं. माझ्या प्लॅस्टिकखालचा ताडीचा वास तो हाच.

मग हवा मोकळी सोडावी का? तेही नाही. पंख्याखाली पसरलेल्या आंब्यांचा वायू वाऱ्यावर उडून जातो आणि पिकायला दिवस लागतात. हवं असतं ते दोन्हींच्या मधलं काहीतरी: वायू थोडा रेंगाळावा, पण घुसमट होऊ नये. भाताचा पेंढा नेमका हेच करतो. त्याच्या पोकळ काड्यांमधून हवा खेळते, पण वारा लागत नाही. शहरात पेंढा नसेल तर कागदी पिशवी, वर्तमानपत्र, गोणपाट किंवा भोकं असलेला पुठ्ठ्याचा खोका चालतो. तांदळाच्या डब्यात चिकू आणि सीताफळं पुरून ठेवण्याची घरगुती रीतही याच तत्त्वाची. झाकण मात्र घट्ट लावू नये आणि फळ मऊ होताच बाहेर काढावं, नाहीतर तांदूळ ओला होतो.

व्यावसायिक खोल्यांतही इथिलीन सोडून दारं कायमची बंद ठेवत नाहीत. साठलेला कार्बन डायऑक्साइड घालवायला अधूनमधून ताजी हवा आत घेतात. लाखो रुपयांच्या यंत्रणेलाही आत्याचा दुसरा प्रश्न चुकलेला नाही.

तिसरा प्रश्न: देठ मोडलेले कुठे?

वनस्पतीला कापलं, ठेचलं, चोळलं की ती इथिलीन सोडते, आणि तेही लगेच. आपटलेल्या आंब्याला मार बसतो तिथे तो आधी मऊ होतो, त्याच्या वायूनं शेजारचे अवेळी जागे होतात. जखमेतून बुरशी शिरते. काही बुरश्या तर स्वतःही इथिलीन सोडतात. संत्र्यावर हिरवी भुकटी धरते ती बुरशी त्यांपैकीच. म्हणजे म्हणीतला नासका आंबा दोन वाटांनी अढी नासवतो, रोग पसरवून आणि वायू पसरवून.

म्हणून कोकणात आंबा झाडावरून पाडत नाहीत, झेल्यानं उतरवतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं विकसित केलेल्या नूतन झेल्यानं आंबा देठासकट निघतो. देठ असला की चीक सालीवर ओघळत नाही आणि देठाच्या जागेतून कूज शिरायला वाव राहत नाही. घरी पेटी आली, की पहिलं काम निवडण्याचं. देठ मोडलेले, चिकाचे डाग पडलेले, दाबलेले आंबे वेगळ्या टोपलीत टाका. ते आधी पिकतील, आधी खा. लोणचं, पन्हं, आमटी, काहीही करा. अढीत मात्र घालू नका.

चौथा प्रश्न: उघडून बघितलंस?

पिकू लागलेला आंबा कच्च्याचा शिक्षक असतो, पण वर्ग सुटल्यावरही तो बसून राहिला तर सगळ्यांचाच बिघाड. पिकलेली फळं रोज काढून घेतली, की अढीतल्या वायूचं प्रमाण बेतात राहतं आणि उरलेली आपल्या गतीनं पिकतात. रोज उघडल्यानं साठलेली हवाही बदलते. एका कृतीत दोन्ही कामं.

घाई असेल तर हाच शेजार मुद्दाम वापरता येतो. कच्च्या आंब्यांच्या कागदी पिशवीत एक पिकलेलं सफरचंद किंवा पपईचं छोटं, न कापलेलं फळ ठेवा. वरचे आकडे आठवा, ही दोन्ही केळ्यापेक्षा कितीतरी जास्त वायू सोडतात. लोक केळं ठेवतात, तेही चालतं, पण दमानं.

आत्यानं न विचारलेला पाचवा: ओलावा

तिनं तो विचारला नाही, कारण कोकणातल्या मे महिन्यात तो हवेतच असतो. घाटावरच्या कोरड्या हवेत मात्र आंबा पिकण्याआधी सुकतो. पिकवणीच्या खोल्यांत हवेची आर्द्रता ९० टक्क्यांच्या आसपास ठेवतात. घरी तेवढी जमणार नाही, पण पेंढ्यावर वरून गोणपाट घालून ते सकाळी पाण्याचा हलका हबका मारून दमट ठेवता येतं. आंब्यावर पाणी बसता कामा नये. ओल्या सालीवर काळे डाग पाडणारी बुरशी फार लवकर फोफावते. अढी लावण्यापूर्वी आंबे धुतले असतील, तर पुसून, सावलीत पूर्ण कोरडे करूनच ठेवा.

आता अढी लावू

१. आंबा तयार आहे का, ते बघा. कोकणातले बागायतदार “चौदा आणे तयार” म्हणतात, म्हणजे सोळांपैकी चौदा. देठाजवळचे खांदे वर आलेले आणि देठाशी छोटा खड्डा असावा. शंका असेल तर बादलीभर पाण्यात सोडा. तयार आंबा बुडतो, कोवळा तरंगतो. कोवळ्या आंब्याला कोणताही वायू गोडी देऊ शकत नाही. जी पिष्टमय शिदोरी साखर व्हायची, तीच त्यानं अजून बांधलेली नसते. तरंगणारे लोणच्याला.

२. घरातली सगळ्यात थंड, अंधारी आणि वारा न लागणारी जागा निवडा. वरच्या मजल्यावरची पश्चिमेची खोली टाळा. पलंगाखालची फरशी अनेकदा माळ्यापेक्षा बरी असते.

३. फरशीवर चार बोटं पेंढा किंवा वर्तमानपत्राचे चुरगाळलेले बोळे पसरा. आंबे देठ खाली करून, एकमेकांना न टेकवता ठेवा. त्यावर पेंढा, मग दुसरा थर, पुन्हा पेंढा. बस्स, तिसरा थर नको.

४. वरून गोणपाट किंवा सुती चादर. प्लॅस्टिक कधीही नको. मांजराची भीती असेल तर वर वेताची टोपली पालथी घाला.

५. पहिले तीन दिवस एकदाच उघडून हवा बदला आणि हात घालून ऊब बघा. चौथ्या दिवसापासून रोज सकाळी निवड करा. ज्याचा रंग फिरला, देठाशी वास सुटला आणि जो अंगठ्याखाली किंचित दबतो, तो बाहेर. डाग वाढत असलेला आंबा लगेच बाहेर.

६. साधारण आठ ते दहा दिवसांत अढी संपते. सगळे आंबे एकाच दिवशी तयार होत नाहीत, आणि तसे ते होऊही नयेत. घरातल्या चार माणसांना रोज आठ आंबे पुरतात, अढी ते जाणून असल्यासारखी देते.

हापूस कापल्यावर आत पांढरट, भुसभुशीत, आंबट भाग निघाला, तर तो साका. ती अढीची चूक नाही. तो दोष झाडावरच पडलेला असतो आणि बाहेरून दिसत नाही. स्वतःला दोष देऊ नका.

ओट्यावरची टोपली

सगळी फळं आणि भाज्या एकाच सुंदर टोपलीत मांडायची हौस महागात पडते. इथिलीननं कोथिंबीर, पालक पिवळे पडतात. काकडीचा हिरवा रंग जातो. कोबी आणि फ्लॉवरची पानं गळू लागतात. गाजर कडवट होतं. शेजारी सफरचंद ठेवलेलं असतं आणि आपण गाजरवाल्याला नावं ठेवतो. म्हणून स्वयंपाकघरात तीन वस्त्या करा. पिकणारी फळं एकीकडे, ओट्यावर, सावलीत. पालेभाज्या, काकडी, गाजर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. कांदे-बटाटे या दोन्हींपासून लांब, हवेशीर जागी. पिकलेली फळं फ्रिजमध्ये गेलीच, तर ती वेगळ्या, झाकणाच्या डब्यात.

फुलदाणीही या हिशेबात येते. कार्नेशन आणि ऑर्किड इथिलीनला फार हळवी. कार्नेशनच्या पाकळ्या एका रात्रीत आत वळून मिटल्यासारख्या दिसतात, त्यामागे पुष्कळदा शेजारचं फळांचं ताट असतं. उदबत्तीचा आणि वाहनांचा धूरही यात भर घालतो, कारण अपुऱ्या जळणातून इथिलीन निघतं. धुराचा हा गुण माणसाला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. फिलिपिन्समध्ये आंब्याला मोहोर यावा म्हणून झाडाखाली धूर करत, केळी धुरीवर पिकवण्याची रीत आपल्याकडेही होती.

मुलांना सुट्टी असेल तर एक प्रयोग करून बघा. सहा हिरवे टोमॅटो घ्या. दोन एका कागदी पिशवीत पिकलेल्या सफरचंदासोबत, दोन दुसऱ्या पिशवीत नुसते, दोन फ्रिजमध्ये. पिशव्यांवर तारीख लिहा आणि रोज संध्याकाळी रंग टिपून ठेवा. आठवड्याभरात वहीचं पान या लेखापेक्षा जास्त शिकवेल.

कुंडीत आणि शेतात

इथिलीन फळापुरतं नाही. पानं, मुळं, फुलं सगळी ते सोडतात आणि बहुधा अडचणीत असताना जास्त.

पावसाळ्यात टोमॅटोच्या कुंडीत पाणी साचलं की पानं देठापासून खाली झुकतात. आपल्याला वाटतं, रोप तहानलंय, आणि आपण आणखी पाणी घालतो. आत घडत असतं ते असं: बुडालेल्या मुळांना प्राणवायू नसतो. ती एसीसीपर्यंत येऊन अडतात, शेवटची पायरी गाठू शकत नाहीत. तो एसीसी रसातून वर चढतो. पानांत प्राणवायू भरपूर असतो, तिथे त्याचं इथिलीन होतं आणि देठ खाली वळतात. म्हणून झुकलेल्या रोपाला पाणी घालण्याआधी बोट मातीत खुपसून बघा. माती चिंब असेल तर कुंडीचं भोक मोकळं करा. शेतात सरीचं तोंड फोडून पाणी काढून द्या.

संत्र्या-मोसंब्याच्या झाडांतही असंच गणित दिसलं आहे. पाण्याच्या ताणात मुळांमध्ये एसीसी साठतो आणि पाणी मिळताच तो वर चढून पानगळ घडवतो. बहार धरताना ताण सोडायचं पहिलं पाणी बेताचं द्यायचं, ही जुनी शिकवण या दृष्टीनं शहाणपणाची आहे. डाळिंबाचे बागायतदार तर हीच पानगळ मुद्दाम घडवतात. बहार धरण्याआधी ते इथेफॉन फवारतात, जे झाडात शिरून इथिलीन सोडतं. ताकद तीच, फक्त वेळ आणि मात्रा माणसानं ठरवलेली. मात्रा चुकली तर फांद्याही वाळतात, म्हणून ती कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणेच घ्यावी.

बाजारात आंबा घेताना

आडवाट आहे ती कार्बाइडची. कॅल्शियम कार्बाइडला ओलावा लागला, की अ‍ॅसिटिलीन वायू सुटतो. तो इथिलीनची नक्कल करतो, पण कमअस्सल. साल पिवळी होते, गोडी आणि वास मागे राहतात. बाजारू कार्बाइडमध्ये आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, खरा धोका तो. २०११च्या अन्नसुरक्षा नियमांनुसार फळं पिकवायला कार्बाइड वापरण्यास मनाई आहे. त्याऐवजी इथिलीन वायू वापरायला भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानं परवानगी दिली आहे, हवेच्या दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत. तेव्हा “वायूनं पिकवलेला” म्हणजे विषारी, असं समजू नका. इथिलीनच्या खोलीत पिकलेला आंबा आणि अढीतला आंबा एकाच वायूनं पिकलेले असतात. एकाला तो बाहेरून मिळाला, दुसऱ्यानं स्वतः केला.

नुसतं बघून कार्बाइड ओळखता येईलच असं नाही. तरी हंगामाच्या फार आधी आलेला, सगळा एकसारखा पिवळा, देठाशी नाक नेलं तरी वास नसलेला आणि दाबल्यावर टणक आंबा घेऊ नये. फळावर करडी भुकटी दिसली तर मुळीच नको. सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे हिरवा, तयार आंबा घेऊन घरी पिकवणं.

पुढच्या वर्षी मी पुन्हा पेटी मागवली. या वेळी जागा होती जेवणघरातल्या पलंगाखाली, दोन थर, वर जुनं गोणपाट. रोज सकाळी चहाआधी गोणपाट उचलायचो. पाचव्या दिवशी उचललं तेव्हा हात आत जायच्या आधीच वास बाहेर आला. आत्याला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, “मग आता बोलत काय बसलायस? पिकलेले बाहेर काढ आधी.”